फॉस्फेटची भीती आली कुठून? प्लांटेड टँक, खत आणि स्वच्छ पाणी

प्लांटेड टँकमध्ये, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीत, खत टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, पाणी हिरवं नाही ना होणार? गंमत म्हणजे या छंदाच्या सुरुवातीला हा प्रश्न नव्हताच कारण खतच नव्हतं. १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका रसायनशास्त्रज्ञाने वॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि गोल्डफिश एकत्र ठेवले, पण सडक्या पानांनी पाणी खराब व्हायला लागलं म्हणून त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी ती पानं खाल्ली आणि पाणी परत नितळ झालं. 'बॅलन्स्ड ॲक्वेरियम' म्हणतात ते हे. त्यात खत म्हणजे माशांची घाण, बाकी बाहेरून काही नाही.

मधला काळ मी पटकन उरकतो. नेदरलँड्समध्ये दाट लागवडीची पद्धत रुजली, १९७०-८० च्या दशकांत जर्मनीत तळाला लॅटराइट (जांभ्याची लाल माती), त्याखाली हीटिंग केबल आणि पाण्यात आयर्न आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड) असा थाट सुरू झाला. आयर्नवर सगळा भर, नायट्रेट-फॉस्फेट मात्र शक्य तितकं कमी, कारण ते म्हणजे घाण असा समज पक्का होता.

हा समज आला तलावांवरून. सांडपाणी आणि डिटर्जंटमुळे तलाव हिरवेगार होत होते आणि दोष नेमका कशाचा यावर जोरात वाद चालला होता, कार्बन की नायट्रोजन की फॉस्फरस. १९७३ मध्ये कॅनडात २२६ नंबरच्या एका तलावाच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले, एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, दुसऱ्यात तेच पण सोबत फॉस्फरस. फॉस्फरसवाला भाग थोड्याच आठवड्यांत हिरवा झाला, विमानातून काढलेला तो फोटो एवढा गाजला की पुढे वादाला फारसं काही उरलं नाही. त्याच दशकात अमेरिकेतल्या काही राज्यांनी डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर बंदीही आणली.

आता इथेच सगळा घोळ आहे. तलावाचा धडा जसाच्या तसा टाकीला लावला गेला. १९९६ मध्ये कॅनडातल्या दोन हौशी लोकांनी इंटरनेटवर एक लेख टाकला, सल्ला असा की पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि ट्रेस मिक्स (आयर्नसारख्या सूक्ष्म पोषकांचं मिश्रण) द्या पण फॉस्फेट अजिबात देऊ नका, म्हणजे फॉस्फेटचीच टंचाई होईल आणि त्या टंचाईत झाडं तग धरतील, शेवाळ उपाशी मरेल. हौशी माणसाने नायट्रेट मुद्दाम आणून टाकीत ओतायचं हेच तेव्हा मोठं धाडस होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण फॉस्फेट शून्य ठेवायचा निर्णय माझ्या मते चुकला, आणि त्याची किंमत लोकांनी वर्षानुवर्षं मोजली.

का चुकला ते आकड्यांत बघा. तलावात सरासरी एकूण फॉस्फरस लिटरला साधारण ०.०३५ मिलिग्रॅमच्या वर गेला की तो तलाव 'अति पोषक' धरतात. आपल्या घरगुती टेस्ट किटवर शून्यानंतरचा पहिला रंग असतो बहुतेक वेळा ०.२५ चा, आणि तोही फॉस्फेटचा, त्यातला निव्वळ फॉस्फरस काढायला ३ ने भागायचं, म्हणजे साधारण ०.०८. म्हणजे किट 'शून्य' दाखवतंय तेव्हाही शेवाळाला पुरेल एवढा फॉस्फरस पाण्यात असू शकतो. शिवाय मासे आहेत, त्यांचं खाणं आहे, त्यात फॉस्फरस असतोच, तो रोज पडतोय. मग उपाशी कोण राहतं? मोठी, भराभर वाढणारी झाडं. त्यांची पानं खुरटतात आणि काचेवर, पानांवर हिरवे कडक ठिपके येतात, जे फॉस्फेट वाढवल्यावर कमी होतात हा कित्येकांचा अनुभव आहे. (मीही फॉस्फेट शोषणारं मीडिया फिल्टरमध्ये भरून काचेवरचे ठिपके खरवडत बसलेला माणूस आहे, त्यामुळे मी तटस्थ आहे असं समजू नका.)

२००० च्या आगेमागे मग उलटी पद्धत आली, 'एस्टिमेटिव्ह इंडेक्स'. टेस्ट किट बाजूला ठेवा, नायट्रेट १० ते ३० आणि फॉस्फेट १ ते ३ पीपीएमच्या (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आसपास राहील एवढं अंदाजे द्या, आणि आठवड्याला निम्मं पाणी बदला. हिशोब साधा आहे, झाडांनी काहीच खाल्लं नाही असं धरलं तरी निम्म्या वॉटर चेंजमुळे साठा आठवड्याच्या डोसच्या दुपटीवर जात नाही. यात विरोधकांना खुपलं ते 'जास्त पोषणाने शेवाळ होत नाही' हे वाक्य. भांडण बरंच पेटलं. खरं तर त्याच्या मागे अट होती, सीओटू पुरेसा हवा आणि झाडं दाट हवीत, ती अट गाळून ते वाक्य पसरलं आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत लोकांनी खत ओतलं.

त्यात आकड्यांची एक गडबड वेगळीच. काही किट नायट्रेट मोजतात, काही फक्त त्यातलं नायट्रोजन, दोन्हीकडे 'नायट्रेट' असंच लिहिलेलं. फरक ४.४ पटींचा. एकाचे ५ म्हणजे दुसऱ्याचे २२, आणि दोघं आपापल्या टाकीवरून नियम सांगतात.

पाणी गढूळ होण्याचा सगळा दोष खतालाच देणं हे तर सगळ्यात जुनं दुखणं. पांढरट धुकं बहुतेक वेळा बॅक्टेरियाचं, नव्या टाकीत हमखास. पिवळट रंग लाकडाचा. खरं हिरवं पाणी म्हणजे तरंगणारं एकपेशीय शेवाळ, त्यामागे अमोनिया आणि भरपूर प्रकाश यांचा हात जास्त धरतात, आणि यूव्ही दिव्याचा फिल्टर लावला की काही दिवसांत ते जातं. खताने थेट गढूळ होतं ते फॉस्फेट आणि आयर्न एकत्र ओतल्यावर, दोघांचा साका बसतो आणि आयर्न झाडाला मिळत नाही, म्हणून तर मॅक्रो (नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅशियम) एक दिवस आणि मायक्रो (आयर्न आणि ट्रेस) दुसऱ्या दिवशी ही चाल पडली. आयर्न विरघळलेलं राहावं म्हणून त्याला धरून ठेवणारं एक रसायन (कीलेट) जोडतात, त्यातलं ईडीटीएवालं आयर्न पीएच ६.५ च्या वर टिकत नाही हे कळल्यावर डीटीपीए आलं, आणि ईडीडीएचए वापरून बघणाऱ्यांचं पाणी गुलाबी झालं.

अलीकडे काटा परत थोडा मागे आलाय. जपानी पद्धतीची पोषक माती तळात आणि पाण्यात खत कमी, याला 'लीन डोसिंग' म्हणतात, लाल झाडांसाठी नायट्रेट मुद्दाम कमी ठेवणारेही बरेच आहेत. पण त्यातलेही बहुतेक जण फॉस्फेट थोडं का होईना देतातच.