कुत्र्याला थंडीपेक्षा ओल बाधते

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं वर्षावन हिवाळ्यात गोठत नाही, भिजतं. वॉशिंग्टन राज्यातल्या होह नदीच्या खोऱ्यात वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये. समुद्र जवळ असल्याने सखल भागात पारा सहसा शून्याच्या वरच राहतो. पाऊस थांबला तरी सिटका स्प्रूस आणि हेमलॉकच्या फांद्यांवरचं शेवाळ बराच वेळ ठिबकत असतं. कुत्र्याचे हाल होतात ते याच चार-पाच अंशांच्या रिपरिपीत.

कुत्र्याला ऊब देते ती केसांत अडकलेली हवा. आतल्या मऊ लवेत पाणी शिरलं की ही हवा निघून जाते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट जास्त उष्णतावाहक. अंग झटकणं हा कुत्र्याचा नामी उपाय आहे खरा. लॅब्राडॉर सेकंदाला चार-पाच हेलकावे देतो आणि सैल कातडीमुळे पाणी जोरात फेकलं जातं. पण संततधारेत तो पुरत नाही. म्हणून दर अर्ध्या तासाने छातीखालचे केस विंचरल्यासारखे बाजूला करून बोटं कातडीपर्यंत न्यावीत. वरचे केस ओले आणि कातडी कोरडी असेल तर चालत राहायला हरकत नाही. कातडीच ओली, गार लागली तर परत फिरावं.

रेनकोट पोट आणि छाती झाकणारा हवा. नुसती पाठ झाकणारा इथे फारसा कामाचा नाही, कारण गुडघाभर उंच नेच्यांचं पाणी खालून, पोटाला लागतं. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असतं. ते ३७ च्या खाली जाणं धोक्याचं. अंग गारच असताना थरथर थांबली, तर त्याला बरं वाटू लागलं असं समजू नये. शरीर थकल्याची ती खूण असते. आधी खसाखसा पुसून कोरडं करावं, मग टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी छातीला लावावी. उघडी पिशवी लावली तर कातडी भाजते.

इथली दुसरी आपत्ती मात्र नाकाला आधी कळते, अर्थात कुत्र्याच्या. शरद ऋतूच्या शेवटी आणि हिवाळ्यात कोहो सॅमन जातीचे मासे ओढ्यांत अंडी घालून मरतात. अस्वलं आणि गरुड ही मढी ओढून जंगलात नेतात. समुद्रातला नायट्रोजन असा झाडांच्या मुळांशी पोचतो. लाकडात समुद्री नायट्रोजनची ओळख पटवणारा त्याचा जड प्रकार (समस्थानिक) सापडला आहे. झाडांसाठी उत्तम, पण याचा अर्थ ओढ्यापासून लांब राहिलं तरी पायवाटेवर कुजका मासा भेटू शकतो.

त्या माशात एक बारीक पर्णकृमी, म्हणजे पानासारखा चपटा परजीवी किडा, असतो आणि त्याच्या पोटात नियोरिकेट्सिया नावाचा जिवाणू. कृमीचं आधीचं घर म्हणजे ओढ्यातली एक गोगलगाय. ही गोगलगाय जिथे आहे, म्हणजे मुख्यतः उत्तर कॅलिफोर्नियापासून वॉशिंग्टनपर्यंत, तिथेच हा आजार आढळतो. अस्वल किंवा मांजर तोच मासा खाऊन मजेत असतं. आजारी पडतो तो कुत्र्याचा गोतावळा. साधारण आठवड्याभराने ताप, उलट्या, जुलाब, अन्नावरची वासना जाणं आणि गळ्याजवळच्या गाठी सुजणं सुरू होतं. उपचार न झाल्यास बहुतेक कुत्री दगावतात. वेळेत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आणि कृमीवरचं औषध मिळालं तर सहसा बरी होतात.

म्हणून पट्टा आखूडच धरावा. होहचं वर्षावन ज्यात येतं त्या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात बहुतेक पायवाटांवर कुत्र्यांना बंदी आहे, आणि जिथे परवानगी आहे तिथेही १.८ मीटरहून लांब पट्टा चालत नाही. तेवढ्यातही कुत्र्याने एखादा घास गिळलाच, तर तारीख लिहून ठेवावी. आठवड्याने उलट्या सुरू होतात तेव्हा तो मासा कुणाच्या ध्यानातही नसतो; पशुवैद्याला हे सांगितलं, तर तो विष्ठेत कृमीची अंडी लगेच शोधू शकतो.