भीती किती आणि धोका किती?

ऑक्टोबर 2004 मध्ये ॲडम कर्टिस यांची 'द पॉवर ऑफ नाइटमेअर्स' ही तीन भागांची माहितीपट मालिका बीबीसीवर आली. दहशतवादी आहेत, हल्लेही होतात. पण एका सूत्रात बांधलेली, जगभर जाळं पसरलेली अल-कायदा ही प्रतिमा राजकारण्यांनी फुगवलेली आहे, असं तिचं म्हणणं. पुढच्या वर्षी 7 जुलैला लंडनच्या स्फोटांत 52 जणांचा बळी गेला आणि धोका खरा की फुगवलेला, हा वाद आणखी टोकाला गेला.

या वादात दोन गोष्टींची सतत सरमिसळ होते. राजकारणी भीती वाढवतात का, हा एक प्रश्न. धोका प्रत्यक्षात किती, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसऱ्याचं 'नगण्य' असं होत नाही.

भीतीचं गणित मात्र खरोखर विचित्र आहे. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना विचारलं गेलं, विमान प्रवासाच्या विम्याला किती पैसे द्याल? काहींना 'फक्त दहशतवादामुळे' झालेल्या मृत्यूचा विमा देऊ केला, काहींना 'कोणत्याही कारणाने' झालेल्या मृत्यूचा. पहिल्या गटाने सरासरी जास्त रक्कम सांगितली! दुसऱ्या विम्यात दहशतवाद आलाच की. पण 'कोणतंही कारण' म्हटल्यावर डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, 'दहशतवाद' म्हटल्यावर राहतं. जे चटकन आठवतं ते जास्त संभवनीय वाटतं, ही मनाची खोड मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि कानेमन यांनी 1973 मध्येच दाखवली होती.

तिची किंमतही मोजावी लागते. 11 सप्टेंबर 2001 नंतर अनेक अमेरिकनांनी विमान टाळून गाडी काढली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांच्या अंदाजानुसार पुढच्या बारा महिन्यांत रस्त्यांवर सुमारे 1,500 मृत्यू जादा झाले. ते सगळे भीतीपोटीच का, यावर मतभेद आहेत.

मग 'दहशतवादापेक्षा रस्ता घातक, घाबरू नका' म्हणून मोकळं व्हायचं? हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. रस्त्यावरचे मृत्यू वर्षानुवर्षं साधारण त्याच पातळीत राहतात. दहशतवादी हल्ल्यांत बहुतेक छोटे असतात आणि एखादाच प्रचंड. 11 सप्टेंबरला एका दिवसात जवळपास 3,000 माणसं मारली गेली. अशा ठिकाणी मागच्या काही वर्षांची सरासरी फारसं सांगत नाही. शिवाय रस्ता तुमच्या बंदोबस्ताला बगल द्यायची योजना आखत नाही.

आणि माहितीपट? जुनी दृश्यं, झपाट्याने बदलणाऱ्या चौकटी, अंगावर येणारं संगीत ही कर्टिस यांची शैली. भीती फुगवलेली आहे हे सांगणारी फिल्मही त्याच खोडीला हात घालते. पडद्याचा असा परिणाम होतो याला संशोधनाचा आधार आहे. 2013 च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा अधिक बातम्या पाहणाऱ्यांनी, घटनास्थळी किंवा जवळपास असलेल्यांपेक्षाही तीव्र ताण नोंदवला. मुळात घाबरट माणसंच जास्त बातम्या पाहत असतील, ही शंका रास्त आहे. पण संशोधकांकडे या लोकांच्या मानसिक आरोग्याची स्फोटांआधीची माहिती होती. ती जमेस धरूनही फरक उरलाच.