एनजीएमए मुंबई : समितीचा तिढा नेमका कुठून आला

रीगल सिनेमासमोरच्या कावसजी जहांगीर हॉलचा, म्हणजे आजच्या एनजीएमएचा (आधुनिक कलेच्या राष्ट्रीय दालनाचा), जुना इतिहास मुंबईकरांना सांगायला नको. १९११ची वास्तू, सभा गाजल्या, मैफली झाल्या. वातानुकूलित सभागृहं आली आणि हॉलला उतरती कळा लागली. मुष्टियुद्धाचे सामने, कामगारांचे मेळावे, लग्नाचे स्वागतसमारंभ, हातमागाचे आणि चामड्याच्या वस्तूंचे सेल, मिळेल त्याला भाड्याने. शहरातल्या चित्रकारांनी प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे डिसेंबर १९९६मध्ये इथे आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन उघडलं. मूळ दालन दिल्लीत, १९५४पासून जयपूर हाऊसमध्ये. मुंबईचं त्याची शाखा.

शाखा असली, तरी इथे काय लागावं यात स्थानिक चित्रकारांच्या सल्लागार समितीचा शब्द चाले. नोव्हेंबर २०१८मध्ये समितीची मुदत संपली आणि नवी नेमलीच गेली नाही. त्याच सुमारास बातमी फुटली, की बाहेरच्या प्रदर्शनांना फक्त घुमटाचा मजला मिळणार, बाकी मजल्यांवर दालनाचा स्वतःचा संग्रह. कागदावर हे निरुपद्रवी वाटतं. सरकारी संग्रह लोकांना दिसायलाच हवा, हेही खरं. पण ही वास्तू आतून अर्धगोल मजल्यांची आहे. तळापासून पायऱ्या चढत घुमटाखाली पोचेपर्यंत एका चित्रकाराची चाळीस-पन्नास वर्षं उलगडत जातात. एका मजल्यात असं सिंहावलोकन, म्हणजे आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन, मावत नाही. शिवाय निर्णय दिल्लीतून, इथल्यांना न विचारता, ही खरी ठसठस.

८ फेब्रुवारी २०१९ला ती जाहीरपणे बाहेर आली. निमित्त प्रभाकर बरव्यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाचं. दालन सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी गेलेला हा नागावचा चित्रकार. ज्येष्ठ अभिनेते अमोल पालेकर यांनी व्यासपीठावरूनच समितीचं काय झालं, असं विचारलं. त्यांना बरव्यांवरच बोला म्हणून वारंवार टोकलं गेलं. चित्रफीत घरोघरी पोचली आणि चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याकडे वळली. मजल्यांचा मुद्दा मागे पडला, तो पडायला नको होता. सरकारी बाजूने खुलासा आला तो मुदत संपल्याचा आणि समिती पुन्हा नेमण्याचा.

त्या भाषणात ज्या दोन सिंहावलोकनी प्रदर्शनांवर गदा आल्याचं म्हटलं होतं, ती शेवटी झाली. ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन यांचं २०१९ संपता संपता लागलं. दुसरं, मेहली गोभाई यांचं, मार्च २०२०मध्ये उघडलं आणि लगोलग टाळेबंदी आली.