फाइल वाचन व लेखन (पायथन)

साठवणमाध्यमावरील फाइलीतला मजकूर आज्ञावलीत घेणे व आज्ञावलीतला मजकूर फाइलीत उतरवणे. पायथनमध्ये फाइल ‘ओपन’ने उघडतात. ‘आर’ वाचनासाठी, ‘डब्ल्यू’ नव्याने लिहिण्यासाठी, ‘ए’ शेवटी भर घालण्यासाठी, तर ‘एक्स’ (आवृत्ती ३.३ पासून) फाइल आधी नसेल तरच ती निर्माण करण्यासाठी. पहिली तीन अक्षरे सी भाषेच्या ‘एफओपन’मधून आली आहेत.

‘डब्ल्यू’ने उघडताक्षणी जुना मजकूर पुसला जातो, पुढच्याच ओळीत त्रुटी आली तरी तो परत मिळत नाही. म्हणून महत्त्वाची फाइल त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने लिहून बंद करावी आणि मग ‘ओएस.रिप्लेस’ने मूळ नावावर आणावी. ‘विथ’ (आवृत्ती २.५, २००६) वापरल्यास त्रुटी आली तरी फाइल बंद होते, एरवी बफरमध्ये (स्मृतीतील तात्पुरत्या साठ्यात) अडकलेल्या शेवटच्या ओळी डिस्कवर पोचतीलच असे नाही.

बहुतेक तक्रारींचे मूळ संकेतनात, म्हणजे अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत (एन्कोडिंग) असते. गोव्यातील याद्यांत मराठी-कोकणीची देवनागरी नावे आणि टिल्ड-सेडिला (ã, ç यांतील खुणा) असलेली पोर्तुगीज वळणाची रोमन नावे एकत्र येतात. दोन्ही सामावणारे व्यवहार्य संकेतन म्हणजे यूटीएफ-८. त्याच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. ते आयबीएमने आखले व प्लॅन ९ या संगणक कार्यप्रणालीत केवळ अमलात आले, असे काही ठिकाणी म्हटलेले आढळते. युनिक्स प्रणालींची मानके ठरवणाऱ्या एक्स/ओपन समितीपुढे १९९२ मध्ये आधीचा एक प्रस्ताव होता, हे खरे. तथापि मजकुराच्या मधूनच वाचायला घेतले तरी पुढच्या अक्षराची सीमा सापडावी, हा गुण त्यात नव्हता. तो साधणारी बाइटरचना प्लॅन ९ चे केन टॉम्पसन व रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ च्या सुमारास केली. पाइक यांनी २००३ मध्ये दिलेला वृत्तांत अधिक ग्राह्य वाटतो.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘पणजी’ची ४ चिन्हे १२ बाइट घेतात. संकेतन सांगितले नाही तर पायथन संगणकाच्या भाषा-मांडणीनुसार ते ठरवते, इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर बहुधा विंडोज-१२५२ (रोमन लिपीचे एकबाइटी संकेतन). मग ‘पणजी’, ‘फोंडा’, ‘पेडणे’ ही नावे त्रुटीविना, पण भलत्याच रोमन चिन्हांत वाचली जातात; ‘म्हापसा’शी मात्र वाचन थांबते. हलन्ताचे (‘म्ह’मधील ‘म’चा पाय मोडणाऱ्या चिन्हाचे) बाइट षोडशमानात ई०, ए५, ८डी असे आहेत आणि विंडोज-१२५२ मध्ये ८डीला चिन्हच नाही. ‘झ’ व ‘ए’ या देवनागरी अक्षरांचीही हीच गत. अशा वेळी ‘एरर्स’ला ‘इग्नोर’ (न वाचता येणारे बाइट वगळ) देणे घातक: बिघडलेला मजकूर एरवी उलट रूपांतराने सावरता येतो, पण गळालेला बाइट कायमचा जातो. उघडतानाच ‘एन्कोडिंग’ यूटीएफ-८ असे लिहावे. ३.१५ आवृत्तीपासून संकेतन न सांगितल्यास तेच धरायचे ठरवले आहे.

उलट प्रकारही घडतो. विंडोज-१२५२ मधील जुन्या फाइलीत टिल्डचा रोमन ‘ए’ (ã) एकच बाइट (ई३) असतो, तो यूटीएफ-८ म्हणून वाचताना सहसा त्रुटी येते. म्हणून अनोळखी फाइल आधी यूटीएफ-८ने वाचून पाहावी, फसल्यास विंडोज-१२५२ने. क्रम उलटा ठेवल्यास चूक लपण्याचा धोका असतो.

एक्सेलने यूटीएफ-८ सीएसव्ही (स्तंभ स्वल्पविरामांनी वेगळे केलेला मजकूर) म्हणून जतन केलेल्या फाइलीच्या आरंभी ३ बाइटांची खूण असते. ती पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटते व ‘तालुका’ हा स्तंभ डोळ्यांना दिसत असूनही सापडत नाही. ‘यूटीएफ-८-सिग’ने वाचल्यास ती गळते. सीएसव्ही लिहिताना ‘न्यूलाइन’ला रिकामी अक्षरमाला ('') द्यावी, नाहीतर विंडोजवर ओळीआड कोरी ओळ दिसते.