डिजिटल रचनेतील नीतिविचार

मोबाइल ॲप, संकेतस्थळ किंवा संगणकप्रणाली घडवताना माणसाची प्रतिष्ठा, खासगीपणा, संमती आणि समान वागणूक यांचा विचार आराखड्यातच करण्याची पद्धत. आधी वस्तू बाजारात आणायची, मग तक्रार आली की डागडुजी करायची, या रुळलेल्या क्रमाला तिचा विरोध आहे. कोणत्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असेल, ‘नको’ म्हणायला किती टिचक्या माराव्या लागतील, असल्या बारीक निर्णयांत नीतीचा प्रश्न दडलेला असतो, असे ती मानते.

अमेरिकेत १९९०च्या दशकात बाट्या फ्रीडमन यांनी मूल्यसंवेदी रचनेची, म्हणजे मानवी मूल्ये ध्यानात ठेवून वस्तू घडवण्याची, मांडणी केली. त्याच दशकात कॅनडात ॲन कॅवुकियन यांनी ‘रचनेतूनच खासगीपणा’ ही कल्पना पुढे आणली. २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या विदा (डेटा) संरक्षण नियमावलीत २५व्या कलमाने तिला कायद्याचे बळ मिळाले.

मुंबईत हा विषय मुख्यतः पैशांच्या व्यवहारांतून रोजच्या बोलण्यात आला. रिझर्व्ह बँक आणि यूपीआय चालवणारे राष्ट्रीय देयके महामंडळ, दोन्हींची मुख्यालये याच शहरात. २०१६ साली आलेल्या यूपीआयमध्ये समोरच्याकडे पैसे मागण्याची सोय होती. भामट्यांनी ती अचूक हेरली. जुना सोफा विकायला काढलेल्या गृहस्थांना फोन येतो : ‘काका, पैसे पाठवलेत, तेवढं ओके करून पिन टाका.’ स्क्रीनवर रक्कम दिसते, काका पिन टाकतात आणि पैसे येण्याऐवजी जातात. ‘पैसे मिळवायला पिन लागत नाही’ असे बँका वर्षानुवर्षे बजावत राहिल्या. म्हणजे दोष काकांच्या गाफीलपणाचा ठरला. वास्तविक देणे आणि घेणे यांसाठी जवळजवळ सारखीच स्क्रीन दाखवणारी रचनाच गोत्यात आणणारी होती. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद झाली. सावधगिरीच्या संदेशांपेक्षा एक बटण काढून टाकणे अधिक नैतिक असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये हीच वाट धरली. हप्ता थकला की कर्जदाराच्या फोनमधली नावे काढून मामेभावापासून ऑफिसातल्या साहेबांपर्यंत सगळ्यांना फोन जात. नव्या नियमांनी संपर्कयादी, फाइली व कॉलनोंदी यांना हात लावायलाच मनाई केली. कॅमेरा किंवा लोकेशनची परवानगी फक्त एकदा, खाते उघडण्यापुरती आणि कर्जदाराच्या संमतीने घेता येते. ग्राहक संरक्षणाच्या बाजूने २०२३ साली केंद्रीय प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या रचनांचे, म्हणजे ‘डार्क पॅटर्न’चे, १३ प्रकार नोंदवून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई लावणे, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणे, नकार देणाऱ्याला लाजवणे हे त्यांतले सर्वांच्या परिचयाचे.

रचना माणसाविषयी काय गृहीत धरते, हे लोकलच्या तिकिटातही दिसते. मोबाइल तिकिटाचे ॲप २०१४ मध्ये मुंबईतच प्रथम आले. टीसी दिसल्यावर घाईघाईने तिकीट काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून स्टेशनच्या हद्दीत ते निघत नसे. हेतू रास्त, पण जीपीएस काही मीटर चुकतेच. आणि दादरसारख्या ठिकाणी काही मीटर म्हणजे आत की बाहेर हाच प्रश्न. मूठभर फुकट्यांसाठी प्रामाणिक प्रवाशाने फोन हातात धरून मागे-पुढे सरकत राहायचे.

सुलभता हे या विचाराचे दुसरे अंग. रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे ॲप (२०२०) दृष्टिहीनांना नोट किती रुपयांची ते सांगते, तेही इंटरनेटशिवाय. उलट, डिजिटल केवायसीत ‘डोळे मिचकावा’ ही अट घालणाऱ्यांना ॲसिडहल्ल्यात पापण्या गमावलेली बाई आठवलीच नव्हती. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि पर्यायी पद्धती आणण्याचे निर्देश दिले.

भाषेचा प्रश्नही इथलाच. पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणारे र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा टंक घडवल्यामुळे संगणकावर देवनागरी वाचणे घराघरांत शक्य झाले. तरी आजही ‘मी सहमत आहे’ हे बटण तेवढे मराठीत आणि खालच्या अटी इंग्रजीत, असा प्रकार सर्रास आढळतो. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमाने संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद केली.

ऑगस्ट २०२५ मध्ये आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वित्तक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ७ सूत्रे रिझर्व्ह बँकेला सादर केली. अशा सूत्रांवर नेहमीचा आक्षेप असा, की कंपन्या ती भिंतीवर लावतात आणि आतला नफ्याचा हिशेब तसाच ठेवतात. आक्षेप खोटा नाही. त्याहून अवघड अडचण मात्र चाळीतल्या खोलीत दिसते. जवळपास सर्व प्रणाली एक फोन म्हणजे एक माणूस असे धरून चालतात. घरकाम करणाऱ्या बाईंचा बँकेला दिलेला नंबर मुलाचा असतो, ओटीपी त्याच्या फोनवर येतो, आणि ‘सहमत’वर बोट तोच ठेवतो.