खणणारा एक, फीत कापणारा दुसरा

कॅनडातील टोरोंटो शहरात एग्लिंटन मार्गाखालच्या भुयारी रेल्वेचे खोदकाम १९९४ मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी निवडणूक झाली, प्रांतातील सरकार बदलले आणि नव्या सरकारने काटकसरीचे कारण देऊन काम थांबवले. केवळ थांबवले नाही, तर जेवढे खणून झाले होते तेवढे परत भरून टाकले. त्याच रस्त्यावर, वेगळ्या प्रकारच्या रेल्वेसाठी, २०११ मध्ये पुन्हा नव्याने काम सुरू करावे लागले. मधल्या सोळा वर्षांत तिथली माती बदलली नव्हती आणि बोगदा खणण्याची विद्याही कोणी विसरले नव्हते. बदलले होते ते फक्त निर्णय घेणारे लोक.

सार्वजनिक वाहतुकीत पैसा गुंतवण्याचा निर्णय अवघड असतो तो मुख्यतः वेळेच्या हिशोबामुळे. लोकप्रतिनिधीची मुदत चार-पाच वर्षांची असते. भुयारी मार्ग आखून, मंजूर करून, बांधून चालू होईपर्यंत सहज दहा-पंधरा वर्षे जातात. एकदा तो तयार झाला की मात्र त्याचे आयुष्य शतकात मोजावे लागते. लंडनमध्ये १८६३ साली उघडलेल्या जगातील पहिल्या भुयारी रेल्वेच्या मार्गावरून आजही गाड्या धावतात. खर्च आणि खोदकामाचा त्रास एकाच्या कारकिर्दीत, उद्घाटन दुसऱ्याच्या आणि लाभ अजून जन्माला न आलेल्या मतदारांना, अशी ही वाटणी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार जगातील सुमारे ५५ टक्के लोक तेव्हा शहरांत राहत होते आणि २०५० पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर जाईल. म्हणजे ज्यांच्यासाठी आज पैसे खर्च करायचे, त्यांतले बरेचसे लोक त्या शहरांत अद्याप आलेलेच नाहीत आणि त्यामुळे त्यांना तिथे मतही नाही.

या राजकारणाच्या मुळाशी असलेले अर्थशास्त्र समजून घेतल्याशिवाय सार्वजनिक वाहतुकीला 'तोट्यातला धंदा' का म्हटले जाते आणि ते म्हणणे कितपत बरोबर आहे, हे उलगडत नाही. हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये एक साधी दिसणारी गोष्ट गणिताने मांडली. एखाद्या मार्गावर दर वीस मिनिटांनी बस येते आणि प्रवासी वेळापत्रक न पाहता थांब्यावर येतात असे धरले, तर सरासरी प्रतीक्षा दहा मिनिटांची होते. समजा प्रवासी दुप्पट झाले आणि त्यांच्यासाठी बसही दुप्पट केल्या. आता बस दर दहा मिनिटांनी येते आणि सरासरी प्रतीक्षा पाच मिनिटांवर येते. नव्या प्रवाशांच्या येण्याने जुन्या प्रवाशांचीही पाच मिनिटे वाचली आणि त्यासाठी त्यांना काहीही द्यावे लागले नाही. रस्त्यावरच्या खासगी गाड्यांचे गणित याच्या नेमके उलट चालते. तिथे येणारा प्रत्येक नवा वाहनचालक आधीच्या सगळ्यांचा वेग थोडा कमी करतो. शिवाय थांब्यावर उभे राहून काढलेले एक मिनिट माणसाला गाडीत बसून काढलेल्या मिनिटापेक्षा साधारण दुपटीने जड वाटते, असे प्रवासवर्तनाचा अभ्यास करणारे मानतात. त्यामुळे फेऱ्यांची संख्या हा नियोजनातला किरकोळ तपशील राहत नाही. प्रवासी बसकडे वळणार की नाही, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

मोहरिंग यांच्या मांडणीचा राजकीय अर्थ असा, की तिकिटाच्या उत्पन्नातूनच सारा खर्च भागला पाहिजे असा आग्रह धरला तर शहर स्वतःच्या हिताला आवश्यक त्यापेक्षा कमी बस चालवील. अनुदान ही इथे दया नव्हे. एका प्रवाशामुळे दुसऱ्याला होणारा फायदा तिकिटात वसूल होत नाही, म्हणून तो अन्य मार्गाने भरून काढण्याची ती सोय आहे. हेच गणित उलटेही फिरते. उत्पन्न घटले म्हणून फेऱ्या कमी केल्या जातात, प्रतीक्षा वाढली म्हणून प्रवासी सोडून जातात, आणि प्रवासी घटले म्हणून आणखी फेऱ्या कमी होतात. या घसरणीतली पहिली कपात अंदाजपत्रकात याच वर्षी बचत म्हणून दिसते, तिची किंमत मात्र काही वर्षांनी हळूहळू उमटते आणि तोवर कपात करणारा बहुधा त्या खुर्चीवर नसतो. वाढत्या शहरात हे विशेष महागात पडते. शहरात नव्याने आलेले कुटुंब पहिल्या काही महिन्यांत ये-जा कशी करायची ते ठरवते. त्या वेळी बस वेळेवर मिळाली नाही, तर ते स्वतःचे वाहन घेते. आणि एकदा वाहनाचे पैसे मोजले की पुढचा प्रत्येक प्रवास त्याला इंधनापुरताच महाग वाटतो. असा प्रवासी परत मिळवणे फार कठीण जाते.

रस्ता रुंद करण्याचे आकर्षण याच पार्श्वभूमीवर पाहायला हवे. रुंदीकरण किंवा उड्डाणपूल दोन-तीन वर्षांत उभा राहतो, त्याच मुदतीत त्याचे उद्घाटन होते आणि पहिले काही महिने वाहतूक खरोखरच मोकळी होते. त्यानंतर काय होते याकडे अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाऊन्स यांनी १९६२ मध्येच लक्ष वेधले होते. गर्दीच्या वेळेला मोकळा झालेला रस्ता आधी दुसऱ्या वेळी, दुसऱ्या वाटेने किंवा दुसऱ्या साधनाने जाणाऱ्यांना आपल्याकडे ओढतो आणि कोंडी परतते. डुरांटन आणि टर्नर या संशोधकांनी २०११ मध्ये अमेरिकेतील महानगरांची आकडेवारी तपासली, तेव्हा त्यांना आढळले की महामार्गांची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते, जवळपास तितक्याच टक्क्यांनी त्यांवरून वाहने कापत असलेले एकूण अंतरही वाढते. पण ही कोंडी परतेपर्यंत निवडणूक होऊन गेलेली असते, ही या प्रकारच्या खर्चाची मोठीच राजकीय सोय आहे.

जे कधीच बसमध्ये किंवा मेट्रोत चढत नाहीत, त्यांनी तिच्यासाठी कर का द्यावा, हा प्रश्न प्रत्येक शहरात विचारला जातो. त्याचे एक चांगले उत्तर लॉस एंजेलिसने नकळत दिले. तिथे २००३ च्या अखेरीस सार्वजनिक वाहतुकीचा संप सुमारे पाच आठवडे चालला. त्या शहरात बस आणि रेल्वेने जाणाऱ्यांचे प्रमाण अगदी थोडे, तेव्हा रस्त्यांवर फारसा फरक पडणार नाही असे कोणालाही वाटले असते. मायकेल अँडरसन यांच्या २०१४ मधील अभ्यासात मात्र महामार्गांवरील सरासरी खोळंबा ४७ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. याचे कारण असे, की बसचे प्रवासी शहरभर सारखे विखुरलेले नसतात. ते सर्वाधिक कोंडी असलेल्या पट्ट्यांतूनच प्रवास करतात आणि जिथे रस्ता काठोकाठ भरलेला असतो तिथे थोड्याशा जादा गाड्यांनीही सगळे ठप्प होते. खरे तर लंडनच्या भुयारी रेल्वेतील व्हिक्टोरिया मार्गिकेचा लाभ-खर्च मांडताना फॉस्टर आणि बीस्ली यांनी १९६३ मध्येच तिच्यामुळे रस्त्यावरच्या लोकांचा वाचणारा वेळ जमेस धरला होता. निव्वळ तिकिटांवर न परवडणारा प्रकल्प त्या हिशोबाने समाजाला परवडणारा ठरला. अडचण एवढीच, की मोटारीत बसून वेळेवर पोहोचलेल्या माणसाला आपला वेळ शेजारून गेलेल्या बसने वाचवला हे दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या लाभाला मत पडत नाही.

तोटा मात्र लगेच दिसतो. रस्त्याची एक मार्गिका बससाठी राखून ठेवली की दुकानांसमोरची गाड्या लावण्याची जागा जाते, मोटारचालकांना एक पट्टा कमी मिळतो आणि हे लोक त्याच आठवड्यात संघटित होतात. प्रत्येकी सात-आठ मिनिटे वाचणारे हजारो बसप्रवासी मोर्चा काढत नाहीत. थोड्यांचा मोठा तोटा आणि पुष्कळांचा थोडाथोडा फायदा समोरासमोर आले की थोडेच वरचढ ठरतात, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये मांडलेले तत्त्व वाहतुकीइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते.

स्वीडनच्या स्टॉकहोमने या राजकीय कोंडीतून काढलेली वाट म्हणूनच अभ्यासण्याजोगी आहे. शहराच्या मध्यभागात वाहन नेण्यासाठी शुल्क आकारण्याची कल्पना तिथे सुरुवातीला बहुसंख्यांना नापसंत होती. तेव्हा ते थेट कायम न लादता ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळात प्रयोग म्हणून लागू करण्यात आले आणि त्याच्या काही महिने आधीपासून जादा बस सोडण्यात आल्या. शुल्करेषा ओलांडणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. प्रयोग संपताच बरीचशी वाहतूक पुन्हा वाढली, त्यामुळे फरक कशाने पडला होता हे लोकांनी स्वतःच पाहिले. सप्टेंबरमधील सार्वमतात शहरातील मतदारांनी थोड्या फरकाने का होईना, शुल्काच्या बाजूने कौल दिला. आजूबाजूच्या ज्या नगरपालिकांनी मतदान घेतले त्यांचा कल विरोधी होता, आणि तरीही ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झाले. पुढे त्याला असलेला पाठिंबा वाढत गेला. माझ्या मते इथला खरा धडा शुल्कापेक्षा क्रमाविषयी आहे. आधी पर्याय दिला, मग बंधन घातले आणि मत त्यानंतर विचारले. हा क्रम उलटवला असता, तर बहुधा प्रयोगच झाला नसता.

मोठ्या प्रकल्पांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एक कटू गोष्ट मान्य केली पाहिजे, ती म्हणजे त्यांचे अंदाज चुकतात आणि ते एकाच दिशेने चुकतात. डॅनिश संशोधक बेंट फ्ल्यूबिअर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस देशांतील २५८ वाहतूक प्रकल्प तपासले. रेल्वे प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी सुमारे ४५ टक्क्यांनी आणि रस्त्यांचा सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता. प्रवासीसंख्येबाबत त्यांच्या २००५ मधील अभ्यासात रेल्वेला मिळालेले प्रवासी अंदाजाच्या सरासरी निम्मेच निघाले. निव्वळ अनवधानाने चुका झाल्या असत्या, तर त्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरल्या असत्या. काही अंशी हा माणसाचा स्वाभाविक आशावाद आहे. पण मंजुरीच्या रांगेत दहा प्रस्ताव उभे असताना खरा आकडा लिहिणारा मागे पडतो, हेही त्यामागचे कारण आहे. यावर उपाय म्हणून प्रस्तावाचा खर्च त्याच्या स्वतःच्या आकडेमोडीवर न ठरवता आधीच्या तशाच प्रकल्पांच्या प्रत्यक्ष अनुभवावरून ठरवण्याची पद्धत ब्रिटनच्या वाहतूक खात्याने २००४ पासून अंगीकारली. तरीही लंडनची एलिझाबेथ रेल्वे मार्गिका डिसेंबर २०१८ ऐवजी मे २०२२ मध्ये उघडली आणि तिचा खर्चही ठरल्यापेक्षा काही अब्ज पौंडांनी वाढला.

पैसा कुठून आणायचा याची उत्तरे तुलनेने परिचित आहेत. फ्रान्सने १९७१ पासून पॅरिस परिसरातील नऊहून अधिक कामगार असलेल्या मालकांकडून वेतनखर्चाच्या प्रमाणात वाहतुकीसाठी कर घ्यायला सुरुवात केली आणि नंतर तो इतर शहरांनाही लागू केला; कामगार वेळेवर पोहोचण्याचा फायदा मालकालाही होतो, हे त्यामागचे सूत्र. हाँगकाँगमध्ये रेल्वे कंपनीला स्थानकांलगतच्या जमिनीच्या विकासाचे हक्क मिळतात आणि त्या उत्पन्नातून मार्ग उभे राहतात. वाढत्या शहरांसाठी दुसरी पद्धत अधिक महत्त्वाची, कारण मार्गाची घोषणा होताच, पहिली कुदळ पडण्याआधीच, आसपासच्या जमिनीचे भाव चढतात. ती वाढ शहराने टिपली नाही तर जमीनमालक टिपतात, आणि मग भूसंपादनासाठी शहरालाच ती किंमत मोजावी लागते.

उभारणीला पैसा मिळाला तरी चालवण्याला आणि देखभालीला मिळेलच असे नाही. न्यूयॉर्कमध्ये सेकंड अव्हेन्यू भुयारी मार्गाची कल्पना १९२० च्या सुमाराची. बांधकाम १९७२ मध्ये सुरू झाले आणि शहर दिवाळखोरीच्या काठावर असताना १९७५ मध्ये थांबले. त्याचा पहिला, तीन किलोमीटरहूनही छोटा टप्पा सुमारे साडेचार अब्ज डॉलर खर्चून १ जानेवारी २०१७ रोजी उघडला आणि त्याचे साजेसे कौतुकही झाले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात राज्याच्या गव्हर्नरांना त्याच शहराच्या भुयारी रेल्वेबाबत आणीबाणी जाहीर करावी लागली. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेली सिग्नल यंत्रणा आणि रूळ यांमुळे गाड्या सतत रखडत होत्या. बदललेल्या सिग्नलच्या उद्घाटनाला कोणी फीत कापत नाही.

कोलंबियाच्या बोगोटा शहराची अडचण वेगळी होती. तिथे चालकांची कमाई प्रवाशांवर अवलंबून असल्यामुळे बस एकमेकींशी शर्यत लावून प्रवासी पळवत असत. डिसेंबर २००० मध्ये महापौर एन्रिके पेन्यालोसा यांच्या कारकिर्दीत राखीव मार्गिकांवरून धावणारी 'ट्रान्समिलेनिओ' ही बससेवा सुरू झाली, तेव्हा बस चालवणाऱ्यांना प्रवाशांऐवजी धावलेल्या किलोमीटरवर पैसे देण्यात आले आणि जुन्या बसमालकांपैकी काहींना नव्या कंपन्यांत सामावून घेतले गेले. या तडजोडीविना ती सुरूच होऊ शकली नसती. पुढे मात्र जाळ्याचा विस्तार मूळ आराखड्याच्या बराच मागे राहिला, उपलब्ध बस गर्दीने कोंबल्या गेल्या आणि लोकांचा रोष ज्या व्यवस्थेने प्रश्न सोडवला होता तिच्यावरच ओढवला.

स्वित्झर्लंडमधील झुरिकचा प्रवास मात्र संथ आणि काहीसा रुक्ष आहे, कदाचित म्हणूनच तो कमी सांगितला जातो. तिथल्या मतदारांनी १९७३ मध्ये भुयारी रेल्वेची महागडी योजना फेटाळली. १९७७ मध्ये त्यांनीच नागरिकांच्या पुढाकारातून आलेल्या, २० कोटी फ्रँकच्या एका साध्या प्रस्तावाला मान्यता दिली. त्यात नवे बोगदे नव्हते. आहे त्याच ट्राम आणि बस कोंडीतून सोडवायच्या, त्यांना चौकात हिरवा दिवा आधी मिळेल अशी व्यवस्था करायची आणि जमेल तिथे त्यांच्या वाटेतून मोटारी बाजूला काढायच्या, एवढाच त्याचा विषय होता. गाड्या वेळेवर धावू लागल्या. १९८१ मध्ये प्रांतातील मतदारांसमोर उपनगरी रेल्वेचे जाळे उभारण्याचा, म्हणजे पुन्हा बोगद्यांसह मोठ्या खर्चाचा प्रस्ताव आला. या वेळी तो मंजूर झाला आणि मे १९९० मध्ये ती रेल्वे सुरू झाली.