ग्राफिक्स ड्रायव्हर बिघाड

ग्राफिक्स ड्रायव्हर बिघाड : ग्राफिक्स कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्ये काम करणारे सॉफ्टवेअर म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. तो अडकला, बंद पडला किंवा नीट बसला नाही, की घरच्या संगणकावर जे घडते त्याला सरसकट ‘ड्रायव्हर क्रॅश’ म्हणतात. गेम चालू असताना स्क्रीन काळी होते पण आवाज येत राहतो. चित्र गोठते आणि काही सेकंदांनी डेस्कटॉप परत दिसतो. निळा पडदा येतो. किंवा संगणक काहीही न सांगता रिस्टार्ट होतो. वापरणाऱ्याला हा सगळा एकच त्रास वाटतो. प्रत्यक्षात या चार प्रकारांची कारणे बरीच वेगळी असतात, म्हणून यांतले नेमके कोणते घडले हे आधी ठरवावे लागते.

विंडोज एक्सपीपर्यंत डिस्प्ले ड्रायव्हरचे बहुतेक काम कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच चालत असे. कार्ड अडकले की विंडोजही अडके आणि रिस्टार्टचे बटण दाबण्यावाचून गत्यंतर नसे. २००७ च्या जानेवारीत बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाबरोबर मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूडीडीएम ही नवी रचना आणली. तिच्यात ड्रायव्हरचे दोन तुकडे केले गेले. मोठा तुकडा साध्या प्रोग्रॅमसारखा गाभ्याबाहेर चालतो, छोटा तेवढा कर्नलमध्ये राहतो. याच रचनेत टीडीआर नावाची पहारा देणारी यंत्रणा आली. आज घरोघरी दिसणारे बहुतेक ‘ड्रायव्हर क्रॅश’ म्हणजे या यंत्रणेने घेतलेले निर्णय असतात, म्हणून ती समजून घेणे फार मोलाचे आहे.

विंडोज कार्डाकडून एकामागून एक कामे करून घेते. मध्येच हातातले काम बाजूला ठेवून दुसरे घे, असा निरोपही देते. दोन सेकंदांत कार्डाने हा निरोप पाळला नाही, तर ते अडकले असे धरले जाते. मग विंडोज ड्रायव्हरकडून कार्ड रीसेट करवून घेते. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि डेस्कटॉप परत येतो, पण चालू असलेला गेम किंवा थ्रीडी प्रोग्रॅम बहुधा ‘डिव्हाइस रिमूव्हड’ किंवा ‘डिव्हाइस हंग’ अशा अर्थाची चूक दाखवून बंद होतो. रीसेट फसले, तर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असे लिहिलेला निळा पडदा येतो. एका मिनिटात अशी पाचपेक्षा जास्त रीसेट झाली तरी विंडोज तोच मार्ग धरते. त्या पडद्यावर अनेकदा फाइलचे नावही असते : एनव्हिडियाच्या कार्डांसाठी एनव्हीएलडीडीएमकेएम, एएमडीसाठी एएमडीकेएमडीएजी, इंटेलसाठी आयजीडीकेएमडी६४.

हे नाव वाचले की लोक ड्रायव्हरलाच गुन्हेगार ठरवतात, आणि निदान तिथेच चुकते. दोन सेकंद उत्तराची वाट पाहिली आणि ते आले नाही, एवढेच ती फाइल सांगत असते. कार्डाने उत्तर का दिले नाही, हे तिला ठाऊक नसते. कारण ड्रायव्हरमधली चूक असेल, तापलेली मेमरी असेल, कमी पडलेली वीज असेल, सैल बसलेली केबल असेल किंवा कार्डाशी संबंध नसलेली रॅमही असेल. पडद्यावर नाव मात्र दर वेळी तेच येते.

याचे ठळक उदाहरण २०२३–२४ मध्ये जगभर दिसले. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असलेल्या संगणकांवर अनरियल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर बनवलेले गेम सुरू होतानाच ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असे सांगून बंद पडू लागले. कार्डात १६ किंवा २४ जीबी मेमरी असतानाही हा संदेश येई. लोकांनी ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकली, कुणी कार्डेच बदलून घेतली. दोष होता प्रोसेसरचा. गेम सुरू होताना शेडर (चित्र रंगवण्यासाठी कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) उलगडण्याचे आणि तयार करण्याचे जड काम प्रोसेसर करतो. त्यात तो चुकीचे आकडे काढत होता आणि त्या चुकीचे खापर शेवटी ग्राफिक्सवर फुटत होते. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आत चालणाऱ्या मूळ सूचना) आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. मायक्रोकोडने जास्त व्होल्टेजमुळे होणारी पुढची झीज थांबते, झालेली भरून निघत नाही. म्हणून या पिढ्यांचा प्रोसेसर असलेल्या संगणकावर ग्राफिक्सची तक्रार आली, तर मदरबोर्डाचे बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना आधी चालणारे आणि हा मायक्रोकोड आणणारे सॉफ्टवेअर, अद्ययावत आहे की नाही हे आधी पाहावे आणि मगच कार्डाकडे वळावे.

ड्रायव्हर नेहमीच निर्दोष असतो असे मात्र नाही. व्हिस्टाच्या पहिल्या वर्षात तर परिस्थिती फारच वाईट होती. अमेरिकेतील एका खटल्यात २००८ मध्ये उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांनुसार, २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या खात्यावर होते. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्यामुळे काही कार्डांचे पंखे वेग घेत नव्हते. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या क्रिमसन ड्रायव्हरमध्येही पंख्याचा वेग अडकून पडण्याची चूक निघाली आणि काही दिवसांत दुरुस्ती द्यावी लागली. या दोन्ही वेळी सॉफ्टवेअरच्या चुकीने हार्डवेअरला धोका निर्माण झाला होता. याच्या नेमके उलट सप्टेंबर २०२० मध्ये घडले. आरटीएक्स ३०८० कार्डे बाजारात येताच जास्त क्लॉकवर, म्हणजे चिपचा वेग वाढताच, कोसळू लागली. काही बनावटींच्या मागच्या बाजूच्या कपॅसिटरांवर संशय घेतला गेला, पण त्याच महिन्याच्या अखेरीस आलेल्या ४५६.५५ या ड्रायव्हरने बहुतेकांचा त्रास संपला. कार्डाचा दोष कुठे संपतो आणि ड्रायव्हरचा कुठे सुरू होतो, ही रेषा कार्ड बनवणाऱ्यांनाही सहज आखता येत नाही.

नोंदी वाचणे : निदानासाठी सर्वांत उपयोगी साधन विंडोजमध्ये आधीपासून असते आणि सर्वांत कमी वापरले जाते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टिम’ या यादीत क्रॅशची वेळ शोधावी. ‘डिस्प्ले’ या नावाची ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, तर टीडीआर झाले आणि ड्रायव्हर सावरला. ‘व्हीआ-लॉगर’ची १७ क्रमांकाची नोंद वारंवार दिसत असेल, तर कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातील पीसीआय एक्सप्रेस जोडणीत चुका होत आहेत. उभ्या कार्डासाठी लावलेली रायझर केबल अशा वेळी काढून पाहावी, किंवा बायोसमध्ये स्लॉटचा वेग एक पिढी खाली आणावा. ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद एवढेच सांगते की संगणक नीट बंद झाला नव्हता. मात्र ती उघडल्यावर बगचेक कोड (निळ्या पडद्यामागच्या चुकीचा क्रमांक) शून्य असेल, निळा पडदा आलाच नसेल आणि संगणक थेट रिस्टार्ट झाला असेल, तर ड्रायव्हर बाजूला ठेवून आधी एसएमपीएसकडे, म्हणजे संगणकातल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, पाहावे.

स्क्रीन काळी पडून आवाज चालू असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबावीत. या जोडणीने ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. बीप ऐकू येऊन चित्र परतले, तर बाकीचा संगणक जिवंत आहे हे कळते.

आपल्याकडे दुरुस्तीला नेलेला संगणक बऱ्याचदा पहिल्याच फटक्यात फॉर्मॅट केला जातो. हे टाळायलाच हवे. फॉर्मॅटने वरच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात, आणि दोष एसएमपीएसचा किंवा उष्णतेचा असेल तर आठवड्याभरात तो पुन्हा डोके वर काढतो. तोवर काहीच माग उरलेला नसतो.

ड्रायव्हर नव्याने बसवणे : त्रास विंडोज अपडेट किंवा ड्रायव्हर अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पहिला उपाय. तो चालला नाही, तर जुना ड्रायव्हर मुळापासून काढावा लागतो. साध्या अनइन्स्टॉलने त्याच्या फाइली आणि रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातील) नोंदी मागे राहू शकतात, विशेषतः एका कंपनीचे कार्ड काढून दुसरीचे बसवल्यावर. यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधन सर्रास वापरले जाते. लोक त्याला डीडीयू म्हणतात. नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवावा, इंटरनेट तोडावे, सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) डीडीयू चालवावे, रिस्टार्ट करून नवा ड्रायव्हर बसवावा आणि मगच इंटरनेट जोडावे. इंटरनेट तोडण्याची पायरी वगळली, तर विंडोज अपडेट मधल्या मिनिटांत स्वतःच एखादा ड्रायव्हर आणून बसवते आणि सगळी साफसफाई वाया जाते. लॅपटॉपवर आधी लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर घ्यावा, कारण प्रोसेसरमधले आणि वेगळे अशी दोन ग्राफिक्स तिथे मिळून काम करतात.

वीज : पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला ७५ वॉट देऊ शकतो, सहा पिनांची केबल आणखी ७५ आणि आठ पिनांची १५० वॉट. कार्डाची मागणी मात्र स्थिर नसते. गेममध्ये दृश्य बदलताच काही मिलिसेकंदांपुरती ती छापील आकड्याच्या बरीच वर उसळते. स्वस्त किंवा जुना एसएमपीएस तेवढ्यात हात टेकतो. १२ व्होल्टच्या वाहिनीवर ५ टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे भाराखाली ती ११.४ च्या खाली जाता कामा नये. एकाच केबलला दोन टोके असतील, तर जड कार्डासाठी दोन स्वतंत्र केबली वापराव्यात.

महाराष्ट्रातल्या घरांत यात यूपीएसची भर पडते. संगणकाबरोबर सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. ऑफिसच्या कामाला तो पुरतो, पण गेमिंग कार्डासकट संगणक त्याच्या आवाक्याबाहेर जातो. गेम चालू असताना लाईट गेली की यूपीएस भार न पेलून तिथेच बंद पडतो आणि दोष कार्डावर जातो. व्होल्टेज सतत वर-खाली होत असेल, तर संगणक एकदा यूपीएसशिवाय, चांगल्या अर्थिंगच्या दुसऱ्या सॉकेटवर चालवून फरक पडतो का ते पाहावे.

उष्णता आणि धूळ : खोलीचे तापमान जितके अंश चढते, साधारण तितकेच कार्डाचेही चढते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना, हिवाळ्यात बिनतक्रार चालणारे कार्ड दुपारी कोसळले तर नवल नाही. यासाठी एक सोपी चाचणी आहे : कॅबिनेटची बाजू उघडावी, समोर टेबल फॅन लावावा आणि तोच गेम तेवढाच वेळ चालवावा. क्रॅश थांबले तर ड्रायव्हरला हात लावण्याची गरज नाही. ब्लोअरने धूळ काढावी, थर्मल पेस्ट बदलावी. तापमान पाहताना चिपच्या एका आकड्यावर थांबू नये, हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) आणि मेमरीचे आकडेही पाहावेत. कोकणपट्टीत दमट, खारी हवा कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढवते. कार्ड काढून त्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या, ही आपल्याकडच्या हार्डवेअरवाल्यांची जुनी रीत आहे आणि ती खरोखर चालते. एसएमपीएसचा मुख्य स्विच बंद करून, वायर काढूनच हे करावे.

या सगळ्याआधी, ओव्हरक्लॉक (वेग वाढवणे) किंवा अंडरव्होल्ट (व्होल्टेज घटवणे) केलेले असेल तर ते मूळ जागी आणावे. रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी सेटिंगही तात्पुरती बंद करावी. ग्राफिक्सचे वाटणारे कितीतरी क्रॅश तिथे थांबतात. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ड्रायव्हर, केबल आणि सेटिंग एकदम बदलली आणि त्रास थांबला, तर कशाने थांबला ते कधीच कळत नाही.

रजिस्ट्रीत टीडीआरची दोन सेकंदांची मर्यादा वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जड थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्यांसाठी तो योग्य आहे, कारण तिथे कार्ड खरोखरच एका कामात जास्त वेळ गुंतलेले असू शकते. गेमसाठी तो निरुपयोगी आहे. अडकलेले कार्ड दोनऐवजी दहा सेकंद अडकून राहते, एवढाच फरक पडतो.

लिनक्सवर हेच निदान कर्नलच्या नोंदींतून होते. एनव्हिडियाचा ड्रायव्हर तिथे एक्सआयडी नावाचे क्रमांक लिहितो. त्यातला ७९ क्रमांक ‘कार्ड बसवरून निसटले’ असे सांगतो आणि बहुधा वीज, उष्णता किंवा स्लॉट यांच्याकडे बोट दाखवतो.

कार्डच खराब असणे : स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकटी किंवा रेघा दिसत असतील, तर त्याच वेळी स्क्रीनशॉट काढावा आणि तो दुसऱ्या उपकरणावर, मोबाइलवर वगैरे, उघडावा. रेघा त्यातही असतील, तर चित्र कार्डातच बिघडते आहे. त्यात नसतील, तर आधी केबल आणि मॉनिटर तपासावेत. केबल-मॉनिटर बदलूनही बायोसच्या पडद्यावर अशा खुणा दिसत असतील, तर विंडोजचा ड्रायव्हर तेव्हा चालूच झालेला नसतो, त्यामुळे तो सुटला. कार्ड दुसऱ्या चांगल्या संगणकात लावून पाहिले की शंका उरत नाही. इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर आकडेमोड करून चलन मिळवणे) १५ सप्टेंबर २०२२ रोजी संपल्यावर रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात उतरली, म्हणून वापरलेले कार्ड घेताना ही चाचणी दुकानातच करून घ्यावी. मेलेल्या कार्डावर हीट गन मारून ते जिवंत करण्याचा उपाय काही दुरुस्तीवाले करतात. चिपखालचे तडकलेले जोड त्याने तात्पुरते जुळतात आणि पुन्हा सुटतात. वॉरंटी शिल्लक असेल तर हा प्रयोग अजिबात करू देऊ नये. बायोसच्या पडद्यावरच्या रेघांचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणि खरेदीचे बिल घेऊन कार्ड थेट सेवा केंद्रात द्यावे.